बिल्ला एकशे अठरा आणि साहेबांचा पासवर्ड

या अंकाचे संपादक नेरूळच्या शाळेतले मास्तर आहेत. ते घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, काका, तुम्ही कंपनीत कॉम्प्युटरच्या खोलीत होता ना, त्यावर लिहा. मी म्हटलं, मास्तर, मी चौथी पास माणूस. पाचवीत तीन महिने बसलो, मग भात कापायला आलं आणि शाळा राहिली ती राहिलीच. ते म्हणाले, म्हणूनच लिहा, शिकलेल्यांनी कॉम्प्युटरवर लिहिलेलं कोणाला कळत नाही. हे मला पटलं, म्हणून वही घेतली. शुद्धलेखन त्यांनी बघावं. मजकुराला मात्र हात लावायचा नाही असं बजावून ठेवलं आहे.

आमची सून बँकेत आहे. परवा तिच्या फोनने तिला नाव विचारलं, पासवर्ड विचारला, आणि ती वैतागून म्हणाली, काय कटकट आहे. मी म्हटलं, कटकट नाही गं, ते गेट आहे. ती हसली. तिला वाटलं म्हातारा काहीतरी बोलतो. पण मी अठ्ठावीस वर्षं नोकरी केली ती सगळी गेटावरच केली. आधी लोखंडाच्या गेटावर, मग दोन वर्षं कॉम्प्युटरच्या गेटावर, आणि मग पुन्हा लोखंडाच्या. मधल्या दोन वर्षांची गोष्ट सांगायची तर आधी लोखंडाची सांगावी लागेल.

आमचं गाव घणसोली. जमिनी कारखान्यांत आणि नव्या शहरात गेल्या तेव्हा घरटी एक नोकरी असं ठरलं. घरात भाऊ दोन असोत की पाच, नोकरी एक. मी एकुलता, माझं निभावलं. ठाणे-बेलापूर रस्त्यावर रंगाची एक कंपनी होती. कापडाला देतात तो रंग, भुकटीचा, पिंपात भरून परदेशी जायचा. कंपनीचं नाव लिहीत नाही. तिथे मी टाइम ऑफिसच्या खिडकीत लागलो.

गेटवाल्याचं काम म्हणजे सलाम ठोकणं असं लोक समजतात. सलाम हे शेवटचं काम. खरं काम बिल्ल्यांचं. रुपयाएवढा पितळी बिल्ला, त्यावर नंबर ठोकलेला. पाळी सुरू होताना कामगार खिडकीशी येऊन नंबर सांगणार, मी त्याच्या हातात बिल्ला देणार, आणि तो आत जाऊन भिंतीवरच्या फळ्यावर आपल्या नंबराच्या खिळ्याला टांगणार. प्रत्येक खात्याचा फळा वेगळा. भट्टीचा एक, पॅकिंगचा एक, बॉयलरचा एक. साडेसातला मुकादम येऊन आपापला फळा बघायचे. खिळ्यावर बिल्ला आहे म्हणजे माणूस आत आहे. रिकामा खिळा म्हणजे गैरहजर. एकदा भट्टीतला एक जण पॅकिंगला बदलला, आणि सवयीने बिल्ला जुन्याच फळ्यावर टांगून कामाला लागला. दिवसभर पिंपं ढकलून घामाघूम झाला, आणि पॅकिंगच्या मुकादमाने त्याचा खाडा मांडला. तो माझ्याशी भांडायला आला. मी म्हटलं, बाबा, मुकादम तुझा घाम बघत नाही, खिळा बघतो.

आता त्या बिल्ल्यावर फोटो नव्हता. कोणीही येऊन एकशे अठरा म्हणालं तर एकशे अठराचा बिल्ला द्यायचा का? नाही. त्यासाठीच मी बसलो होतो. नंबर कोणीही सांगेल, चेहरा मला माहीत. सहाशे चेहरे मला पाठ होते, आणि त्याचा मला तेव्हा गर्व होता. अजूनही थोडा आहे.

एकशे अठरा नंबर आमच्याच आळीतल्या काशिनाथचा. भट्टी खात्यात. त्याचा धाकटा भाऊ पोशा. घर एक, नोकरी एक, भाऊ दोन. बापाची जमीन असती तर अर्धी अर्धी केली असती. जमीन गेली, नोकरी आली, तर त्यांनी नोकरी अर्धी अर्धी केली. एक महिना काशिनाथ जाणार, एक महिना पोशा. उरलेला खाडीवर मासे धरणार. हे काही त्यांनी एकट्यांनी काढलेलं नव्हतं, आमच्याकडे चार-पाच घरांत असं चालायचं आणि कोणाला त्यात लबाडी वाटायची नाही. भावाचा वाटा भावाला द्यायचा, एवढं सरळ होतं ते. पोशा खिडकीशी येऊन हसून म्हणायचा, "एकशे अठरा, बालारामदादा," आणि मी त्याला काशिनाथचा बिल्ला द्यायचो. त्या पोराला खाडीत पोहायला मीच शिकवलेलं. चेहरा न ओळखण्याचा प्रश्नच नव्हता.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी, एका दुपारी भट्टीतल्या एका हंड्याचं झाकण वाफेने उडालं. तीन माणसं भाजली. ठाण्याच्या दवाखान्यात नेली आणि कंपनीचा माणूस फळा बघून घरोघरी सांगायला निघाला. काशिनाथच्या दारात जाऊन त्याने काशिनाथच्या बायकोला सांगितलं की तुझा नवरा भाजला. आणि काशिनाथ तिच्या मागे ओट्यावर जाळं विणत बसलेला.

पोशाचा उजवा हात गेला. म्हणजे कापला नाही, पण बोटं एकमेकांना चिकटून राहिली ती कायमची. कंपनीने चौकशी लावली. कंपनीच्या दप्तरात पोशा आत नव्हताच. आत काशिनाथ होता, आणि काशिनाथला तर ओरखडाही नाही. मला बोलावलं. चौकशीच्या साहेबाने विचारलं, हा माणूस दुसऱ्याच्या बिल्ल्यावर आत आला, तू ओळखला नाहीस? मी म्हटलं, "गर्दी होती साहेब. चेहरा बघितला नाही."

एवढंच बोललो. साहेबाने लिहून घेतलं. पोशा परका माणूस ठरला, फसवून आत शिरलेला. भावाला आपला बिल्ला वापरू दिला म्हणून काशिनाथला काढून टाकला. दोन भावांची एक नोकरी गेली. माझी राहिली. मी खरं बोललो असतो, की गेटवाल्याने जाणूनबुजून आत घेतला, तर कंपनीला पोशाला आपला माणूस मानावं लागलं असतं, असं पुढे युनियनच्या माणसाने मला सांगितलं. त्याला माहीत नव्हतं की गेटवाला मीच होतो.

त्या दिवसापासून मी एक ठरवलं. दुसऱ्याच्या नावावर माणूस आत सोडायचा नाही, मग कोणीही असो. लोक मला खडूस म्हणायला लागले. एकदा वर्क्स मॅनेजर दिघे साहेब पास विसरून आले. मी त्यांना पाहुण्यांच्या वहीत नाव, गाव, काम लिहायला लावलं. त्यांनी लिहिलं. कामाच्या रकान्यात 'ही कंपनी चालवणे' असं लिहिलं आणि आत गेले. मला वाटलं आता मेमो येणार. मेमो आला नाही. पाच-सहा वर्षांनी कंपनीत कॉम्प्युटर आला तेव्हा साहेबांना त्या खोलीच्या दारात बसवायला माणूस हवा होता, आणि त्यांना मीच आठवलो. म्हणाले, हा बापालाही सोडणार नाही.

ती खोली म्हणजे काचेची. आत एसी. बाहेर चपला काढायच्या, कारण धूळ मशीनला चालत नाही, आणि आमच्या कंपनीतली धूळ म्हणजे निळी, लाल आणि पिवळी. परचेसचा एक क्लार्क रोज डबा घेऊन गारव्याला येऊन बसायचा, त्याला मी पहिल्या आठवड्यात बाहेर काढला. दारावर मी माझी एक वही ठेवली. कोण आत आलं, कधी, कोण मशीनवर बसलं, किती वाजता उठलं. मला कोणी सांगितलं नव्हतं. ती वही मराठीत होती, म्हणून कोणी वाचायचंही नाही.

मशीन चालवायच्या कांबळे बाई. सुमन कांबळे. मूळच्या माणगावकडच्या, नेरूळला एका खोलीत राहत. घरात कॉलेजात गेलेल्या त्या पहिल्या, आणि कॉम्प्युटरचा कोर्स त्यांनी दादरला जाऊन केलेला. वर्षभर कच्च्या नोकरीवर होत्या, पक्की व्हायची होती. कमी बोलायच्या. मला दादा म्हणायच्या. मी दारात नुसता बसलेला त्यांना बघवेना, म्हणून त्यांनी मला फ्लॉपी कशी धरायची इथपासून शिकवायला घेतलं. गाड्यांचे नंबर लिहून लिहून इंग्रजीची मोठी अक्षरं मला येत होतीच. बाकीचं बाईंनी शिकवलं, आणि एकदाही हसल्या नाहीत.

रोजचं काम असं. लॅब सकाळी तपासून सांगायची की कुठल्या लॉटचा माल चांगला आणि कुठला थांबवायचा. बाई त्याची यादी मशीनमध्ये भरायच्या. ती यादी अकराच्या सुमाराला टेलिफोनच्या तारेवरून मुंबईच्या हेड ऑफिसातल्या मोठ्या मशीनकडे जायची. हेड ऑफिस ती बघून जासईच्या गोदामाला फोन करायचं, हा माल कंटेनरमध्ये भरा, तो भरू नका. पूर्वी अशी यादी फ्लॉपीत घालून मीच बसने मुंबईला नेऊन द्यायचो. आता तारेवरून जायला लागली. फोन लागला की मशीन शिट्टीसारखा आवाज करायचं, पलीकडचं मशीनही शिट्टी द्यायचं, आणि दोघांचं जमलं की काम सुरू. मध्ये कोणी दुसऱ्या टेबलावरचा फोन उचलला की सगळं मोडलं, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून अकरा वाजता मी ऑफिसभर फिरून सांगायचो की फोनला हात लावू नका. साहेबांनाही सांगायचो.

हे सगळं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एक पान होतं. बाई त्याला लॉगिनचं सेटिंग म्हणायच्या. त्यावर पाच ओळी. कुठे फोन लावायचा. किती वेगाने पाठवायचं. कोण म्हणून आत जायचं, म्हणजे नाव. मग पासवर्ड. आणि पाचवी ओळ, हा पासवर्ड मशीनने लक्षात ठेवायचा की दर वेळी माणसाला विचारायचा.

मी बाईंना विचारलं, नाव सांगितल्यावर पुन्हा पासवर्ड कशाला? त्या म्हणाल्या, "दादा, नाव काय, कोणीही सांगेल. पलीकडच्या मशीनला चेहरा दिसत नाही ना. म्हणून ते असा शब्द विचारतं जो फक्त त्या माणसालाच माहीत."

मला एकदम कळलं. नाव म्हणजे बिल्ल्याचा नंबर. पासवर्ड म्हणजे चेहरा. ज्याने हे काढलं तो कधीतरी गेटावर बसला असणार असं मला वाटलं.

पण आमच्या मशीनवर नाव होतं दिघे साहेबांचं. पासवर्डही त्यांचा. आणि पाचव्या ओळीत 'लक्षात ठेव' असं केलेलं. म्हणजे साहेबांचा चेहरा काढून मशीनला चिकटवून ठेवलेला. एंटर दाबलं की हेड ऑफिसला वाटणार दिघे साहेब आले. रोज बाई जायच्या, आणि तिकडे साहेब आले असं लागायचं. मी म्हटलं, बाई, हे बरोबर नाही. त्या म्हणाल्या, सगळीकडे असंच करतात, सोपं पडतं. मी म्हटलं, आमच्याकडेही सोपं पडत होतं. काशिनाथ-पोशाचं त्यांना सांगितलं नाही. पण रोज मागे लागलो, की तुमच्या नावाने जा, नाहीतर माझ्या नावाने जा, दुसऱ्याच्या नको. शेवटी त्यांनी कंटाळून हेड ऑफिसातल्या शहांना, तिथलं मशीन जे बघायचे, सांगून माझं नाव करून घेतलं. सरावासाठी म्हणून. बी ए एल ए आर ए एम. मुंबईच्या मशीनमध्ये माझं नाव. पासवर्ड मीच टाकला, बाईंना पाठ फिरवायला लावून.

आठवड्याने बाईंना हेड ऑफिसचं पत्र आलं, पक्क्या नोकरीसाठी डॉक्टरी तपासणीला या. मुंबईला जायचं, पूर्ण सकाळ जाणार. दिघे साहेब त्या दिवशी पुण्याला गेलेले. बाईंनी आदल्या दिवशी सगळं लावून ठेवलं. लॅबची यादी टायपिस्ट भरेल, मग अकराला तुम्ही फक्त एंटर दाबा, दादा. दुसरं काही करू नका.

अकरा वाजले. मी ऑफिसभर फोनचं सांगून आलो, वहीत माझं नाव आणि वेळ लिहिली, खुर्चीत बसलो. समोर साहेबांचं नाव. साहेब पुण्यात. मी एंटर दाबलं की पुण्यातला माणूस मुंबईत हजर लागणार, आणि ते माझ्या बोटाने. मला ते होईना. हट्ट म्हणा. मी सेटिंगचं ते पान उघडलं, साहेबांचं नाव काढलं, माझं टाकलं, माझा पासवर्ड टाकला. शिट्टी वाजली. पलीकडून परवानगी आली. यादी गेली, आणि पडद्यावर आलं की पूर्ण झालं. ते दोन शब्द मला वाचता येत होते. मग बाईंना कशाला त्रास म्हणून मी पान पुन्हा होतं तसं केलं. साहेबांचा पासवर्ड मला माहीत नव्हता, पण बाईंनी सेटिंगची फ्लॉपी करून ठेवली होती, ती लावली की जुनं सगळं परत यायचं. अकरा वाजून पंधरा मिनिटांनी उठलो. वहीत लिहिलं. त्या दिवशी घरी जाताना मी थोडा ताठ चाललो असेन.

दोन दिवसांनी साहेबांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं आणि मला दारात उभं केलं. लॅबने थांबवलेला एक लॉट, दमट माल, चाळीस पिंपं, जासईहून कंटेनरमध्ये भरून बंदरात गेला होता. बोट सुटायच्या आत कळलं म्हणून बरं, पण तो परत काढायला कंपनीची सगळी माणसं पळत होती. हेड ऑफिस म्हणत होतं, आम्हाला त्या दिवशी यादी मिळालीच नाही, आम्ही आदल्या दिवशीची बघून माल सोडला, तिच्यात हा लॉट थांबवलेला नव्हता.

बाई म्हणाल्या, सगळं लावून गेले होते. साहेब म्हणाले, लावून गेलात, आणि हाताळायला कोणाला दिलंत? माझ्याकडे बोट. मी म्हटलं, साहेब, यादी गेली. मशीनने सांगितलं पूर्ण झालं.

"मशीनने तुला मराठीत सांगितलं का?" साहेब म्हणाले.

टायपिस्ट बाजूला उभी होती ती हसली. साहेबांनी बाईंना सांगितलं, यादी गेली नाही याची जबाबदारी तुमची. तुमचं पक्कं करण्याचं पत्र टेबलावर आहे. ते मी पुढे पाठवू शकत नाही. परवापर्यंत लेखी उत्तर द्या, मग बघू ठेवायचं की नाही.

बाई बाहेर आल्या. रडल्या वगैरे नाहीत. खुर्चीत बसून त्यांनी मशीन चालू केलं आणि मला विचारलं, "दादा, तुम्ही फक्त एंटरच दाबलंत ना?"

मी म्हटलं, हो.

हे लिहिताना हात थांबला. पण मजकुराला हात लावायचा नाही असं मीच सांगितलं आहे, तर माझाही लागायला नको. मी हो म्हटलं. सेटिंग परत जागेवर होतं. मी बदललं हे माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. पण मी यादी पाठवली होती हेही खरं होतं, आणि ती गेली कुठे हे मला खरंच कळत नव्हतं. मी स्वतःला सांगितलं की माझ्या बदलाने काही बिघडलेलं नसणार, मग उगाच सांगायचं कशाला. गर्दी होती साहेब, हे मी ज्या मनाने म्हटलं होतं, तेच मन होतं ते.

संध्याकाळी गावात आलो. पोशाचं गावठाणात लहान दुकान, बिडी-काडी, सुकट, पोरांच्या गोळ्या. मी रोज तिथून काडेपेटी घ्यायचो. घरात सहा काडेपेट्या पडलेल्या असल्या तरी घ्यायचो. तो डाव्या हाताने द्यायचा. बारा वर्षांत आम्ही त्या दुपारबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. त्याला माहीत होतं, मला माहीत होतं.

"कय झाला, दादा? तोंड का पडलाय?" त्याने विचारलं.

मी त्याला सगळं सांगितलं. का ते माहीत नाही. बाईंना सांगितलं नाही, बायकोला सांगितलं नाही, त्याला सांगितलं. माझं नाव टाकलं तेही. त्याला कॉम्प्युटर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. एका पोरीला गोळ्या दिल्या, आणि मग म्हणाला, "म्हंजे ती यादी आत गेली."

"गेली."

"पन त्यांना आत दिसत नाय."

"नाही दिसत."

"मंग माझ्यावानीच झाला की. मी बी आत होतो. पन त्यांच्या फल्यावर नव्हतो."

तो हे टोमणा म्हणून बोलला नाही. सरळ बोलला. आणि मला तो पॅकिंगला बदललेला माणूस दिसला, घाम गाळणारा, जुन्या फळ्यावर बिल्ला टांगून. मुकादम खिळा बघतो. हेड ऑफिस रोज साहेबांच्या फळ्यावर यादी बघत होतं. मी माझ्या नावाने आत गेलो, म्हणजे यादी माझ्या नावाच्या खिळ्याला टांगली गेली. तिकडे कोण कशाला बघेल? नाव बदललं की नुसता माणूस बदलत नाही, आत उघडणारी खोलीही बदलते. ही ओळ त्या पानावर नव्हती, आणि मी ती कोणाला विचारली नव्हती.

मी काडेपेटी घेतली नाही. तशीच दुकानात राहिली.

सकाळी गेल्या गेल्या आधी बाईंना सांगितलं की काल मी खोटं बोललो, मी नाव बदललं होतं. त्या म्हणाल्या, "दादा, हे साहेबांना सांगितलंत तर तुमच्यावर येईल." मी म्हटलं, यायलाच पाहिजे. वही काखेत घेतली आणि केबिनमध्ये गेलो. साहेबांना म्हटलं, हेड ऑफिसला फोन करा, शहांना म्हणावं माझ्या नावाखाली बघा.

साहेबांनी चिडूनच फोन लावला. पलीकडे शहा बराच वेळ काहीतरी बघत होते. साहेब फोन कानाला लावून माझ्याकडे बघत होते, मी भिंतीकडे. मग त्यांनी कागदावर लिहून घेतलं. फोन ठेवला आणि वाचलं. नाव बाळाराम. एक फाइल. त्या दिवशीची. अकरा वाजून बारा मिनिटं. मी वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली. आत बसलो अकरा पाच, उठलो अकरा पंधरा.

"म्हणजे बाईंच्या कामात चूक नव्हती," साहेब म्हणाले. "वेळेवर आलेली यादी तू भलतीकडे नेऊन ठेवलीस."

"हो साहेब."

"कोणाला विचारून नाव बदललंस?"

"कोणाला नाही."

"का?"

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही त्या दिवशी पुण्यात होता. पुण्यातल्या माणसाला मी मुंबईत आत कसा सोडू?"

साहेबांनी माझी वही मिटली. मग म्हणाले, पाहुण्यांच्या वहीत मला लिहायला लावणारा तूच ना. मी म्हटलं, मीच. ते म्हणाले, तुझं म्हणणं चूक नाही बाळाराम, पण न सांगता केलंस, आणि वर एक दिवस लपवलंस. मेमो द्यावा लागेल. मी म्हटलं, द्या. माझ्या नावाने द्या.

बाईंचं पत्र त्याच दुपारी पुढे गेलं. महिन्याने त्या पक्क्या झाल्या. पेढे आणले तेव्हा पहिला मला दिला आणि म्हणाल्या, तुमच्यामुळे नोकरी जाणार होती आणि तुमच्यामुळेच राहिली, आता आभार मानू की भांडू? मी म्हटलं, आधी पेढा खातो, मग भांडा. माझी बदली पुन्हा टाइम ऑफिसच्या खिडकीत झाली. कॉम्प्युटरच्या खोलीत नवा माणूस आला, तो परचेसच्या क्लार्कला आत बसू द्यायचा असं ऐकलं. सहा-सात महिन्यांनी हेड ऑफिसचा कागद आला की प्रत्येकाने आपापल्या नावानेच लॉगिन करायचं, पासवर्ड मशीनमध्ये ठेवायचा नाही, आणि सगळ्यांच्या याद्या एकाच ठिकाणी पडतील अशी सोय केली आहे. हा कागद बाईंनी मला खिडकीत आणून दाखवला. खाली माझं नाव कुठे नव्हतं. ते असायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

पासवर्ड काय होता ते आता सांगायला हरकत नाही. पी ओ एस एच ए, एक एक आठ.

मेमो मिळाला त्या संध्याकाळी मी तो घेऊन पोशाच्या दुकानात गेलो. त्याला वाचता येत नाही, आणि मेमो इंग्रजीत, तो मलाही धड वाचता येत नव्हता. बाईंनी अर्थ सांगितला होता तो मी सांगितला. पोशाने डाव्या हाताने कागद घेतला, दिव्याजवळ धरला आणि बोटं चिकटलेल्या उजव्या हाताने खालून आधार दिला, जसा काही तो जड होता.

"कय लिवलाय?"

"लिवलंय की चूक बाळारामची. बाळारामनं स्वतः कबूल केली."

त्याने कागद नीट घडी करून मला परत दिला. मग फळीवरून एक काडेपेटी काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"बारा वरसां लागली तुला," तो म्हणाला, "ह्यो कागद आनायला."